लंडनच्या निवाऱ्यांतील निःशब्द मृत्यू

१/८ 🧵
७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर जर्मन विमानांचे मोठे हवाई हल्ले सुरू झाले. अंधार पडताच हजारो कुटुंबे निवाऱ्यांत शिरत. तेथे बॉम्बपासून काहीसे संरक्षण मिळे. तरीही काही माणसे अंगावर ओरखडाही नसताना मरण पावत होती.

२/८
शवविच्छेदन करणाऱ्या कीथ सिम्प्सन यांना कारण सापडले. पायाच्या शिरेत साकळलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या रोहिणीत अडकली होती. आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत असे मृत्यू सुमारे सहापट झाले होते. डिसेंबर १९४० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे निरीक्षण मांडले.

३/८
संशयाची सुई वळली ती घडीच्या कापडी आरामखुर्चीकडे. निवाऱ्यात झोपायला जागा अपुरी. म्हणून माणसे रात्रभर खुर्चीतच पडून राहत. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांड्यांखालच्या शिरा दाबून धरी आणि पाय तासन्‌तास निश्चल राहत.

४/८
याचे शारीर कारण आधीच ज्ञात होते. पादुआच्या फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये शिरांतील झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या झडपा रक्ताला हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, हे त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ च्या ग्रंथात दाखवले. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर चढते. स्नायू थांबले की प्रवाह मंदावतो.

५/८
फुप्फुसातील गुठळी बहुधा दूरच्या शिरेतून वाहत आलेली असते, हे जर्मनीत रुडॉल्फ फिर्शो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केले होते. तरीही रुग्णालयांचा नियम एकच : शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ अंथरुणात पडून राहणे. शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ मध्ये रुग्णांना लवकर उठवण्याचा पुरस्कार केला. फारसे कोणी ऐकले नाही.

६/८
युद्धाने ऐकायला लावले. खाटा आणि परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा रुग्णांना लवकर चालवणे भागच पडले; आणि ते बरेही होऊ लागले. १९४७ मध्ये ब्रिटिश वैद्य रिचर्ड अ‍ॅशर यांनी अंथरुणाच्या धोक्यांवर लिहिलेला लेख गाजला. सक्तीच्या विश्रांतीत रक्त साकळते, हा त्यांतला एक धोका होता.

७/८
१९५४ मध्ये बॉस्टनचे शल्यविशारद जॉन होमन्स यांनी विमान, मोटार आणि नाट्यगृहात दीर्घकाळ बसल्यानंतर पायांत गुठळ्या झालेल्या रुग्णांची नोंद केली. निवाऱ्यातील खुर्चीचा धोका शांततेच्या काळातही संपला नव्हता.

८/८
आज मोठ्या शस्त्रक्रियेनंतर गुठळीरोधक औषधेही दिली जातात. केवळ चालणे सर्वांना पुरत नाही. तरीही परिचारिका रुग्णाला घोटे वरखाली करायला सांगते आणि शक्य तितक्या लवकर खाटेवरून उतरवते. त्या साध्या सूचनेमागे लंडनच्या निवाऱ्यांत खुर्चीत बसल्या बसल्या गेलेल्या माणसांचाही इतिहास आहे.