हार्टफर्डचे चिनी विद्यार्थी

सन १८७२ च्या सप्टेंबर महिन्यात सॅनफ्रान्सिस्को बंदरात एका आगबोटीतून तीस चिनी मुले उतरली. अंगात रेशमी लांब झगे, डोक्यावर गोल टोप्या आणि पाठीवर रुळणाऱ्या वेण्या, असा त्यांचा थाट होता. त्यांची वये साधारणतः दहा ते सोळांच्या दरम्यान होती. चीनच्या बादशाही सरकारने आपल्या खर्चाने परदेशी पाठविलेली विद्यार्थ्यांची ही पहिलीच तुकडी होय. पुढील तीन वर्षांत दरसाल तीस याप्रमाणे आणखी नव्वद मुले पाठवावयाची आणि एकंदर एकशेवीस जणांना पंधरा वर्षे अमेरिकेत ठेवून, इंग्रजी भाषा व पाश्चात्य विद्या शिकवून परत आणावयाचे, अशी ही योजना होती.

या योजनेचा जनक युंग विंग हा होय. मकाऊनजीकच्या एका खेड्यात १८२८ साली गरीब कुटुंबात जन्मलेला हा मुलगा मिशनरी शाळेत इंग्रजी शिकला, १८४७ साली आपल्या शिक्षकाबरोबर अमेरिकेस गेला आणि १८५४ साली येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. अमेरिकन महाविद्यालयातून पदवी घेणारा हा पहिला चिनी गृहस्थ. येलमध्ये असता विद्यार्थ्यांच्या खाणावळीची व्यवस्था पाहून त्याने आपला खर्च भागविला होता. सबब परक्या देशात पोटाची व निवाऱ्याची विवंचना विद्यार्थ्याचा किती जीव खाते, हे त्याला पुस्तकावाचून ठाऊक होते. स्वदेशी परतल्यावर हीच सोय शेकडो मुलांना मिळवून द्यावयाची, हा त्याने ध्यास घेतला. त्सेंग क्वो-फान आणि ली हुंग-चांग या दोन बड्या मुत्सद्द्यांनी त्याची कल्पना उचलून धरून १८७१ साली दरबाराकडे अर्ज केला. अर्ज मंजूर होईपर्यंत युंगची सतरा वर्षे खर्ची पडली होती!

मंजुरी मिळाली, पण मुले मिळेनात. पंधरा वर्षे मुलगा परदेशी राहील आणि तेथे तो दगावल्यास अथवा त्यास काही अपघात झाल्यास सरकार जबाबदार राहणार नाही, अशा कागदावर बापाने सही करावयाची होती. सुखवस्तू घरच्या कोणत्या आईने हे मान्य करावे? अखेर युंगला हाँगकाँग व दक्षिणेकडील कॅन्टन प्रांत पालथा घालावा लागला. निवडलेली बहुतेक मुले त्याच बाजूची होती.

अमेरिकेत या मुलांना ठेवावयाचे कोठे? एखादे मोठे वसतिगृह बांधून सर्वांना एकत्र ठेवणे खर्चाच्या व देखरेखीच्या दृष्टीने सोपे होते. परंतु कनेक्टिकट संस्थानचे शिक्षणाधिकारी बर्डसी नॉर्थ्रप यांनी युंगला निराळा सल्ला दिला. मुले एकत्र राहिली तर चोवीस तास चिनीच बोलतील. त्यापेक्षा दोन-दोन, चार-चार मुले निरनिराळ्या सद्गृहस्थांच्या घरी ठेवावीत, त्या कुटुंबांना खर्च द्यावा आणि शाळेत बसण्याजोगे इंग्रजी येईपर्यंत घरातल्या माणसांनीच त्यांना शिकवावे, असे त्यांचे मत पडले. युंगने ते तत्काळ स्वीकारले. पाद्री, शिक्षक, डॉक्टर अशा मध्यम स्थितीतील कुटुंबांनी या मुलांना घरात घेतले आणि शिकविण्याचा बहुतेक भार त्या घरांतील स्त्रियांनी उचलला. या साऱ्या हकीकतीत खरी कर्तबगारी या गृहिणींचीच म्हटली पाहिजे. इतिहासग्रंथांत मात्र मुत्सद्द्यांची नावे मोठ्या अक्षरांत असतात.

दुसऱ्या तुकडीतील ली यान-फू याने पुढे १८८७ साली आपल्या बालपणाच्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. त्यात या घरगुती शिक्षणाचे मोठे मौजेचे वर्णन आहे. १८७३ साली ही तुकडी आगगाडीने पूर्वेकडे येत असता वाटेत दरोडेखोरांनी गाडी लुटली. सुधारलेल्या देशाचे हे पहिले दर्शन! स्प्रिंगफील्डला पोचताच यजमानीणबाईंनी लीला जवळ ओढून त्याचा मुका घेतला. तान्हेपण सरल्यापासून त्याचा मुका कोणी घेतला नव्हता; तो बिचारा लाजेने चूर झाला. जेवणाच्या मेजावर प्रत्येक पदार्थाचे नाव सांगण्यात येई आणि नाव आठवले नाही तर तो पदार्थ मिळणार नाही, अशी ताकीद असे. या पद्धतीने आपली प्रगती झपाट्याने झाली, असे तो सांगतो. भुकेसारखा व्याकरणपंडित दुसरा नाही, हे आपल्याकडील पंतोजींनाही पटेल! पहिल्या रविवारी ‘संडे स्कूल’ला चला असे सांगण्यात आले, तेव्हा ‘स्कूल’ एवढाच शब्द समजून ली व त्याचा सोबती पाटी-पुस्तके घेऊन निघाले. पोचून पाहतात तो देवालय! दोघांनी तेथून जी धूम ठोकली ती थेट घर गाठीपर्यंत.

पोशाखाचा प्रश्नही असाच निकडीचा होता. रस्त्यावरची पोरे झगे व वेण्या पाहून ‘चिनी मुली’ म्हणून टवाळी करीत. तेव्हा कोट-पाटलोण घालण्याची परवानगी मिळाली. वेणी मात्र कापता येत नव्हती, कारण ती मांचू बादशहाशी निष्ठेची खूण होती. मुले ती डोक्याभोवती गुंडाळीत अथवा कोटाखाली दडवीत.

स्वदेशाचा विसर पडू नये म्हणूनही तजवीज होती. हार्टफर्ड शहरातील कॉलिन्स रस्त्यावर सरकारने तीन मजली टोलेजंग वाडा बांधला आणि १८७५ च्या जानेवारीत मिशनची कचेरी तेथे गेली. अधिकारी, चिनी पंतोजी व पंचाहत्तर विद्यार्थी राहू शकतील एवढी जागा, चिनी भाषेसाठी स्वतंत्र वर्ग, भोजनगृह आणि स्नानगृहे त्यात होती. मुलांनी पाळीपाळीने तेथे येऊन राहावे, कन्फ्यूशियसचे ग्रंथ घोकावेत आणि बादशहाच्या दिशेने साष्टांग प्रणिपात करावा, असा क्रम असे. खेळ, मित्र आणि प्रेमळ यजमानीण सोडून या वाड्यात येणे मुलांच्या जिवावर येई.

येथेच या योजनेची खरी मेख होती. मुलांना परके वाटू नये म्हणून जी जी सोय केली, ती ती त्यांना स्वदेशी परके करीत चालली. ती चर्चमध्ये जाऊ लागली, बेसबॉल खेळू लागली. चुंग मुन-यू हा तर येलच्या नौकेचा सुकाणूधारी झाला. युंगने स्वतः १८७५ साली कनेक्टिकटमधील केलॉग घराण्यातील मुलीशी विवाह केला. १८७६ साली आलेला वू त्झू-तेंग हा सनातनी अधिकारी हे पाहून संतापला. मुले उद्धट झाली, परधर्मात जात आहेत, चीनच्या उपयोगाची राहिली नाहीत, असे अहवाल त्याने धाडले. त्याला केवळ खलपुरुष ठरविणे न्यायाचे नाही. आईबापांनी मुले चीनला दिली होती, हार्टफर्डला नव्हे. परंतु दोष एका बाजूचा नव्हता. १८६८ च्या तहान्वये चिनी प्रजाजनांना अमेरिकेतील सरकारी शिक्षणसंस्था मोकळ्या असावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात लष्करी व आरमारी विद्यालयांची दारे या मुलांना उघडली गेली नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर चिनी मजुरांविरुद्ध द्वेष भडकला होता. त्याचेच पर्यवसान १८८२ च्या बंदीच्या कायद्यात झाले.

येलचे अध्यक्ष पोर्टर यांनी चीन सरकारला पत्र लिहिले. पाद्री ट्विचेल व सुप्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनी १८८० च्या डिसेंबरात माजी अध्यक्ष ग्रँट यांची गाठ घेतली आणि ग्रँटनीही ली हुंग-चांगला लिहिले. परिणामी निर्णय थोडा लांबला इतकेच. १८८१ च्या उन्हाळ्यात सर्वांना परतण्याचा हुकूम आला. तोपर्यंत येलची पदवी अवघ्या दोघांच्या हाती पडली होती. परतीच्या वाटेवर ओकलंडच्या एका संघाने त्यांना बेसबॉलच्या सामन्याचे आव्हान दिले. सहज जिंकू अशा घमेंडीत असलेला तो संघ हरला!

शांघायला मात्र फुलांचे हार नव्हते. सुमारे शंभर तरुणांना शिपायांच्या पहाऱ्यात एका ओलसर, पडक्या इमारतीत नेऊन कैद्यांप्रमाणे ठेवण्यात आले. त्यांपैकी एकाने हार्टफर्डच्या आपल्या यजमानीणबाईंना पत्र लिहून तेथील कुबट वास, ओल आणि अपमान यांची कहाणी कळविली. घरी आल्यावर आपली दाद कोठे मागावी, तर ज्या घरातून हाकलले त्या घरी! त्या बाईंना हे पत्र वाचून काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

याच्या दोनच वर्षांनी, १८८३ च्या जूनमध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यूजर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. त्यांच्यामागे ना सरकार होते ना कचेरी. होता तो केवळ पत्रांतून जडलेला स्नेह. चिनी मुलांना ज्या प्रकारच्या घराने आधार दिला, तशाच घराने महाराष्ट्रातील या मुलीलाही दिला.

परतलेल्या तरुणांना प्रथम किरकोळ कामांवर जुंपले. काही आरमारात गेले आणि त्यांतले कित्येक १८८४ साली फूचौच्या लढाईत फ्रेंचांच्या तोफांना बळी पडले. इतरांचे दिवस सावकाश पालटले. जेम तिएन-याउ याने १९०५ ते १९०९ या काळात पेकिंग ते काल्गन हा डोंगराळ मुलखातील लोहमार्ग एकाही परदेशी इंजिनियराची मदत न घेता बांधला. लियांग चेंग १९०३ साली चीनचा वकील म्हणून वॉशिंग्टनला गेला. बॉक्सर बंडाबद्दलच्या दंडाची जादा रक्कम अमेरिकेने चीनला परत द्यावी, यासाठी त्याने पिच्छा पुरविला. १९०८ साली ती परत करण्याचे ठरले आणि तिच्यातून विद्यार्थ्यांना पुन्हा अमेरिकेस पाठविण्यास आरंभ झाला. त्यांच्या तयारीसाठी १९११ साली पेकिंगनजीक त्सिंगह्वा ही शाळा निघाली. तिच्या आरंभीच्या प्रमुखांत तांग क्वो-आन हा हार्टफर्डच्या मुलांपैकीच एक होता.

युंग विंगचा अखेरचा काळ हार्टफर्डलाच गेला. ज्या देशाचे नागरिकत्व त्याने तरुणपणी घेतले होते, त्या देशाने ते १८९८ साली नाकारले होते. तरीही अखेरीस तो तेथेच राहिला आणि १९१२ च्या एप्रिलमध्ये वारला. त्याच्या मृत्यूच्या आदल्याच महिन्यात त्याने अमेरिकेस नेलेल्या मुलांपैकी तांग शाओ-यी हा चिनी प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला होता.