येडशीच्या शिवारातला चुना

चुनखडकाच्या प्रदेशातले शेतीचे नियम बालाघाट डोंगरातल्या येडशी गावाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. हा डोंगर बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. खरा चुनखडक पाहायचा तर वणी-राजुऱ्याकडे जावे लागते. तरीही इथल्या कित्येक रानांत चुना आहे, आणि तो मातीत आहे. बेसाल्टमधल्या खनिजांत कॅल्शियम असते. खडक झिजताना ते सुटते. पाऊस बेताचा असल्याने पुरते धुऊन जात नाही आणि कार्बोनेट होऊन खालच्या थरात साचते. नांगराच्या फाळाला लागणारे पांढुरके खडे ते हेच. त्यांवर लिंबू पिळले की बुडबुडे येतात.

या चुन्याचा पिकावरचा परिणाम जुलैच्या झडीत दिसतो. सोयाबीनची शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. ही लोहाची कमतरता. नत्र कमी पडले असते तर आधी खालची जुनी पाने पिवळी झाली असती. हा फरक न पाहता युरिया टाकला जातो आणि पैसा वाया जातो. मातीत लोह असतेच, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. त्यात पाणी साचले की हवा कोंडते, बायकार्बोनेट वाढते आणि पिवळेपणा बळावतो. वाफसा आला की पीक बरेचदा आपोआप सावरते. म्हणून फेरस सल्फेटच्या फवारणीआधी निचरा पाहावा. रुंद वरंबा-सरीवरची पेरणी इथे फार मोलाची आहे. शेणखत आणि हिरवळीचे खत कुजताना लोह मुळांना मिळेल अशा रूपात धरून ठेवतात, स्फुरदही काही प्रमाणात मोकळे करतात. सर्वांत मोठी हानी मात्र सपाटीकरणात होते. यंत्राने वरची माती ओढून नेली की चुनखडीचा थर उघडा पडतो, आणि ते रान पुढे वर्षानुवर्षे पिकत नाही.

वरची माती टिकवण्याच्या या प्रश्नात शेती आणि डोंगर एकमेकांना जोडलेले दिसतात. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य 1997 साली जाहीर झाले, क्षेत्र 22.38 चौरस किलोमीटर. अशी झाडी गेली तर काय होते, हे नैर्ऋत्य चीनमध्ये दिसले: तिथल्या ग्वेचौ प्रांतात चुनखडकाच्या उतारांवरची झाडे तोडल्यावर माती वाहून गेली, भेगांत उतरली आणि उघडा दगड उरला. बालाघाटावर खडक वेगळा असला तरी उतारावरची माती तितकीच पातळ आहे. पालापाचोळा पावसाचा मार झेलतो, पाणी थांबवतो, मग ते मुरुमातून आणि भेगांतून पायथ्याच्या विहिरींकडे सरकते. बेसाल्टमध्ये पाण्याचा साठा मुख्यतः मुरुमात आणि भेगांतच मावतो, त्यामुळे उतार बोडका झाला की विहिरीलाही त्याची झळ बसते. अभयारण्याची राखण ही पायथ्याच्या शेतकऱ्याची स्वतःची गरज आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

बांधावर आणि हलक्या रानात झाड लावतानाही चुन्याचा विचार हवा. मोसंबीला चुनखडी मानवत नाही. सीताफळ, बोर, कडुनिंब, हिवर तग धरतात; सीताफळाचा पाला शेळ्या सहसा खात नाहीत, हा चराईच्या भागात आणखी एक फायदा. खड्डा घेताना चुनखडीचा कठीण थर लागला तर तो पहारीने फोडावा, नाहीतर मुळे त्यावरच अडकून आडवी पसरतात. खड्डा भरायला तलावातला गाळ आणायचा असेल, तर त्याचे माती परीक्षण आधी करून घ्यावे, कारण त्या गाळातही चुना असू शकतो.