पाठीवरचा हात

आज आपण एका हाताचा इतिहास बघणार आहोत. कळा सोसणाऱ्या बाईच्या पाठीवर ठेवलेला दुसऱ्या बाईचा हात. कंबर चोळणारा, घाम पुसणारा, पाण्याचा घोट पाजणारा. पिढ्यान् पिढ्या तो बाळंतिणीच्या खोलीत होता. मग तो खोलीबाहेर गेला, आणि बाहेर गेल्यावर डॉक्टर लोकांनी त्याची किंमत मोजली.

जुनी गोष्ट आधी. आयुर्वेदाचा चरकसंहिता हा ग्रंथ तुम्ही नावानं ऐकला असेल. त्याच्या शारीरस्थान या भागातल्या आठव्या अध्यायात बाळंतपणाची सगळी तयारी दिली आहे. खोली कशी असावी, सामान काय असावं, हे आहेच. पण खोलीत कोणत्या बाया असाव्यात हेही आहे. ज्यांची स्वतःची बरीच बाळंतपणं झालीत, ज्या मायाळू आहेत, कष्टाला कंटाळत नाहीत, अशा. त्यांनी बाईला धीर द्यावा. मधूनमधून कोमट तेल लावून तिची कंबर, कुशी, पाठ, मांड्या हलक्या हातानं चोळाव्यात. कळ नसताना जोर करू नकोस, तो जोर वाया जातो, असं तिला समजवावं. तिच्या आवडीच्या बाईनं तिच्या कानात मंत्र म्हणावा, असंही आहे. मंत्रानं काय होतं ते सोडा. कानाशी ओळखीचा आवाज हवा, हे त्या काळी कळलं होतं.

त्याच अध्यायात एक वाद आहे, तो मला फार आवडतो. काही वैद्य म्हणत, कळा सुरू झाल्या की बाईनं मुसळ घेऊन उखळात धान्य कांडावं, म्हणजे लवकर मोकळी होईल. आत्रेय ऋषी म्हणतात, नको. अशा वेळी तिला एवढं दमवणं धोक्याचं. तिला चालू फिरू द्या. कांडणाचं काम बाळंतपणातही सुटू नये असं वाटणारे तेव्हाही होते म्हणायचे!

आपल्या गावांत हे सगळं सुईणीच्या हाती होतं. बाळ झालं की तिचं काम संपत नसे. पुढं दहा-बारा दिवस ती यायची. बाळाला मांडीवर घेऊन न्हाऊ घालायची, बाळंतिणीचं अंग तेलानं रगडायची, शेक द्यायची, पोट बांधायची. त्या रगडण्यात बाळंतीण बोलायची. सासूसमोर निघत नाही ते सुईणीसमोर निघायचं. पुष्कळ गावांत सुईण मांग, महार, न्हावी अशा जातींतली असे. बाळंतपणात तिचा हात चालायचा, आणि ते दिवस सरले की तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. हा हिशेबही या इतिहासातच मांडायला हवा.

आणि दुसरा हिशेब असा, की सुईणीच्या हाताला रक्तस्राव थांबत नसे. मूल आडवं असलं तर तिचा इलाज संपायचा. नाळ विळ्यानं किंवा मळक्या पात्यानं कापली की बाळाला धनुर्वात व्हायचा. पोट वरून दाबून मूल खाली ढकलायची रीत होती, तीही घातक. इंग्रजी अमलात 1885 साली लेडी डफरिन यांच्या नावानं निधी उभा राहिला, बायकांसाठी दवाखाने निघाले. 1903 साली व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ खास दायांच्या शिक्षणासाठी निधी निघाला. त्या काळच्या कागदांत दाई म्हणजे घाणेरडी, अडाणी, असाच सूर आहे. तिच्या हातातली घाण त्यांना दिसली, आणि ती खरीच होती. तिच्या हातातली माया मात्र कुणी वहीत टिपली नाही.

2005 साली जननी सुरक्षा योजना आली, गावोगाव आशाताई आल्या. तेव्हा देशात शंभरातली जेमतेम 39 बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019 ते 21 च्या पाहणीत ती 89 झाली. एक लाख जिवंत जन्मांमागे 2004 ते 06 या काळात 254 आया दगावत होत्या, 2018 ते 20 मध्ये 97. आपल्या महाराष्ट्रात तर 33. हे आकडे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाणं मला जमत नाही. दवाखान्यानं बाया वाचवल्या आहेत.

पण दवाखान्यात शिरताना एक दार लागतं. आई, सासू, जाऊ, सगळ्या दाराबाहेर. आत खाट, सलाईन, शेजारी दुसरी कण्हणारी, आणि एक नर्स चार जणींमागे धावणारी. ओरडलीस तर गप्प बस म्हणतील, एखादी मांडीवर चापटही मारील. 'आता का रडतेस?' हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलंय, ते मी विचारत नाही.

असंच दार दुसऱ्या देशांतही बंद होतं. अमेरिका खंडाच्या मधोमध ग्वाटेमाला नावाचा छोटा देश आहे. तिथल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात कळा येणाऱ्या बाईजवळ कुणाला थांबू देत नसत. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे दोन अमेरिकी बालरोगतज्ज्ञ तिथल्या डॉक्टरांबरोबर काम करत होते. त्यांनी पहिलटकरणींचे चिठ्ठी काढल्यासारखे दोन गट केले. एक गट रिवाजाप्रमाणे एकटा. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकीजवळ एक साधी बाई बसवली. ना नर्स, ना नात्यातली, ना शिकवून तयार केलेली. तिनं पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं, आणि बाळ होईपर्यंत उठून जायचं नाही. 1980 साली निकाल छापून आला. ज्यांच्या बाळंतपणात काही अडचण आली नाही, अशा बायकांपैकी एकट्या असलेल्यांना सरासरी 19 तास लागले होते. सोबत असलेल्यांना 9 तासांच्या आत. शिवाय सोबत मिळालेल्या आया नंतर जास्त वेळ जाग्या राहिल्या, बाळाला जास्त कुरवाळत होत्या, त्याच्याशी बोलत होत्या.

अभ्यास लहान होता, म्हणून त्यांनी पुन्हा मोठा केला. 1991 साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातला निकाल आला. यात तीन गट होते, आणि मधला गट बघण्यासारखा आहे. त्या गटात एक बाई खोलीत बसायची, पण बोलायची नाही, शिवायची नाही, फक्त लिहून ठेवायची. रोजच्या रीतीनं झालेल्या बाळंतपणांत शंभरात 18 जणींचं सिझेरियन झालं. नुसती लिहिणारी बाई खोलीत होती तिथं 13. हात धरणारी होती तिथं 8. म्हणजे मुकी बाई कोपऱ्यात बसली तरी फरक पडला!

असं का होतं? भीती वाटली की अंगात एक रस सुटतो, वाघ दिसल्यावर सुटतो तोच. त्यानं छाती धडधडते, अंग आवळतं, आणि कळा मंदावतात. कळा आणणारा रस वेगळा असतो, तो ऊब, अंधार, ओळखीचा स्पर्श असला की मोकळा वाहतो. बाळ छातीला लावल्यावर पान्हा सोडणारा रसही तोच. गाय परकं माणूस आलं की पान्हा चोरते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पुढं जगभर असे अभ्यास झाले. 2017 साली 17 देशांतले 26 अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांत साडेपंधरा हजारांहून जास्त बाया होत्या. सोबतीनं सिझेरियन घटतं, वेळ कमी लागतो, बाळंतपणाची कडू आठवण कमी राहते, असंच निघालं. अशा सोबतिणीला परदेशात डुला म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दासी. 1973 साली डेना राफेल या बाईंनी बाळंतिणीला आधार देणारी या अर्थानं तो आपल्या पुस्तकात वापरला. आता पुण्या-मुंबईतही डुला मिळते, पैसे देऊन. सुईणीच्या कामातला हा अर्धा वाटा, नवं नाव घेऊन आला आहे.

आता कामाचं ऐका. 2016 साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानं सरकारी दवाखान्यांसाठी सूचना काढल्या, की बाळंतपणाच्या खोलीत बाईला एक सोबतीण ठेवता येईल. सोबतीण नात्यातली बाई असावी, शक्यतो जिनं स्वतः कळा सोसल्या आहेत अशी. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी. डॉक्टर-नर्सच्या कामात तिनं हात घालायचा नाही. जिथं खाटांमध्ये आडोसा आहे, तिथं नवऱ्यालाही परवानगी देता येते. चरकातल्या बाईची आणि या कागदातल्या सोबतिणीची लक्षणं शेजारी ठेवून बघा.

तरी पुष्कळ ठिकाणी दारातच अडवतात. जागा नाही, दुसऱ्या बायांची अब्रू जाते, असं सांगतात. यातलं आडोशाचं कारण खोटं नाही. एका खोलीत तीन खाटा, मध्ये काही नाही, तिथं परकी बाई उभी राहिलेली कुणाला आवडेल? म्हणून नववा महिना लागायच्या आत आशाताईंना घेऊन दवाखान्यात जा, सोबत कोण येणार ते सांगून ठेवा, आडोसा आहे का ते बघून या. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडं अशा किरकोळ खर्चासाठी पैसे येतात. गटाच्या पुढच्या बैठकीत लेखी अर्ज तयार करता येईल. खाटांमध्ये पडदे, सोबतिणीला बसायला एक स्टूल, आणि प्यायला पाणी. मागणी एवढीच आहे.