पृष्ठरचना (सदिश आलेखन)

पृष्ठरचना म्हणजे सदिश आलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पानाचा आकार, त्याची उभी वा आडवी दिशा, समास आणि पानांची संख्या निश्चित करण्याची क्रिया होय. कोरलड्रॉ, इंकस्केप व अ‍ॅडोबी इलस्ट्रेटर ही या कामाची परिचित सॉफ्टवेअर आहेत. इलस्ट्रेटरमध्ये पानाला ‘आर्टबोर्ड’ म्हणतात. लग्नपत्रिका, हँडबिले आणि फ्लेक्स फलक तयार करताना पृष्ठरचना ही पहिली पायरी असते.

स्वरूप

सदिश चित्रातील रेषा व वक्र गणिती रूपात साठवलेले असतात. त्यामुळे चित्र कितीही मोठे केले तरी ते धूसर होत नाही. तथापि, पान आणि चित्र या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पान लहान केल्याने चित्र आपोआप लहान होत नाही. पानाबाहेर राहिलेला भाग सामान्यतः छापला जात नाही. ए४ (२१० × २९७ मिमी) आकाराचे काम ए५ (१४८ × २१० मिमी) पानावर आणायचे असल्यास चित्र सुमारे ७१ टक्के करावे लागते. या मालिकेतील पानांच्या बाजूंचे गुणोत्तर समान असल्याने मांडणी बिघडत नाही. गुणोत्तर निराळे असल्यास मांडणी नव्याने करावी लागते.

कृती

कोरलड्रॉमध्ये कोणतीही वस्तू निवडलेली नसताना वरील पट्टीत पानाचा आकार व दिशा बदलता येते. आयत साधनावर दोनदा क्लिक केल्यास पानाच्या मापाची चौकट तयार होते, तर ‘पी’ कळ दाबल्यास निवडलेली वस्तू पानाच्या मध्यभागी येते. इंकस्केपमध्ये ‘फाइल’ यादीतील ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’ येथे हे बदल होतात. एकाच फाइलमध्ये अनेक पाने ठेवण्याची सोय इंकस्केपच्या १.२ या आवृत्तीत (२०२२) आली.

समास व कापणी

छापलेला कागद कापताना पाते किंचित सरकू शकते. म्हणून रंगीत पार्श्वभूमी कापणीच्या रेषेबाहेर साधारणतः ३ मिमी वाढवतात. या वाढीला ‘ब्लीड’ म्हणतात. मजकूर मात्र रेषेच्या आत पुरेसा समास सोडून ठेवतात. अन्यथा पत्रिकेच्या तळाशी असलेले विवाहस्थळ वा निमंत्रकांची नावे कापली जाण्याचा धोका असतो.

देवनागरी मजकूर

देवनागरीत रफार व वेलांटी शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. त्यामुळे दोन ओळींत पुरेसे अंतर लागते. छपाईच्या संगणकावर तोच फाँट नसल्यास ओळी तुटून मांडणी बदलते. हे टाळण्यासाठी मुद्रितशोधन पूर्ण झाल्यावर अक्षरांचे वक्रांत रूपांतर करतात. असा मजकूर नंतर टंकून दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळी जपतात.

मोठे फलक

अमरावती जिल्ह्यातील नांदगाव पेठसारख्या महामार्गालगतच्या गावासाठी १० × ६ फुटांचा फलक करावयाचा असल्यास तो एक-दशांश प्रमाणात, म्हणजे १२ × ७.२ इंचांच्या पानावर रचता येतो. छापताना तो दसपट केला जातो. अक्षरे सुबक राहतात, परंतु फलकातील छायाचित्र सदिश नसल्याने त्याची स्पष्टता आधीच तपासावी लागते.

मापातील फरक

इंकस्केपच्या ०.९२ (२०१७) पूर्वीच्या आवृत्त्यांत एका इंचात ९० पिक्सेल धरले जात. त्यानंतर ते ९६ झाले. जुनी फाइल योग्य रूपांतर न करता उघडल्यास १६० मिमी रुंदीचे चित्र १५० मिमी होते. त्यामुळे छपाईपूर्वी पान व चित्र या दोहोंची मापे मिलिमीटरमध्ये पडताळणे आवश्यक ठरते.