एलिया आला, की यायचाय?

अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका कातळावर काही खुणा आहेत. त्या एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या रथाच्या, असं बेने इस्राएल मानतात. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले शनवार तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. नवस फेडताना एलियाहूच्या नावाने मलिदा करतात: गोड पोहे, खोबरं, फळं.

एलियाच का? मलाखीच्या ग्रंथात म्हटलंय, परमेश्वराच्या दिवसाआधी एलिया येईल. म्हणजे मशीहाच्या आधी तो यायला हवा. तो कुठे आलाय, असं ज्यू विचारतात. मत्तयच्या शुभवर्तमानात ख्रिस्ती उत्तर आहे: बाप्तिस्मा करणारा योहान हाच तो एलिया. 'मशीहा' हिब्रू, 'ख्रिस्त' ग्रीक. दोन्हींचा अर्थ अभिषिक्त. शब्दावर वाद नाहीच! पण मशीहा आल्यावर युद्धं थांबायची होती, ती थांबली कुठे, हा ज्यूंचा प्रश्न मला बिनतोड वाटतो. तो पुन्हा येईल तेव्हा थांबतील, असं ख्रिस्ती म्हणतात.

१८२९ साली मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी १८३२मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. धर्मांतराची आशा होतीच. ख्रिस्ती झाले अगदी थोडे. बाकीचे हिब्रू शिकले आणि आपल्या प्रार्थना मुळातून वाचू लागले.