यादवीची किंमत

माझं माहेर कोल्हापूरचं, सासर साताऱ्याचं. त्यामुळे ताराराणी खऱ्या की शाहू महाराज, हा वाद आमच्याकडे पंगतीतही रंगतो. मी अर्थातच ताराराणींच्या बाजूने. पती राजाराम महाराज वारल्यावर सात वर्षं औरंगजेबाशी झुंजून त्यांनी राज्य राखलं. मोगली छावणीत वाढलेल्या पुतण्याने येऊन ते मागावं, हे त्यांना पटणार कसं? त्यांनी शाहूंना सरळ तोतया ठरवलं.

शाहूंना सोडलं तेच मुळी मराठ्यांच्या घरात भांडण लागावं म्हणून. औरंगजेब मार्च १७०७ मध्ये गेला आणि मेमध्ये शाहजादा आझमशाहाने त्यांना मोकळं केलं. त्यांच्या आई येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं. त्या १७१९ मध्ये परतल्या.

शाहू परतत असताना वाटेत पारद गावी लढाई झाली, गावचा पाटील मारला गेला. त्याच्या बायकोने आपलं तान्हं पोर शाहूंच्या पालखीत घातलं, अशी हकीकत आहे. शाहूंनी ते पोर वाढवलं, पहिल्या फत्तेची आठवण म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह. अक्कलकोटचे राजे भोसले त्याचेच वंशज.

खरा निकाल लागला १२ ऑक्टोबर १७०७ रोजी, भीमाकाठच्या खेडच्या लढाईत. ताराराणींनी सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या होत्या म्हणतात. तरी धनाजी जाधव शाहूंना मिळाले. शंकराजी नारायण सचिवांना शपथही मोडवेना आणि शाहूंशीही लढवेना. त्यांनी जीव दिला. साताऱ्याचा किल्लेदार शेख मिरा ऐकेना, तेव्हा वाईत असलेली त्याची बायकापोरं तोफेच्या तोंडी देण्याची धमकी गेली. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला.

पण जो सरदार इकडून तिकडे जाई, त्याला काहीतरी द्यावं लागे. धनाजींचाच मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये ताराराणींना मिळाला, पुढे निजामाकडे गेला. ताराराणींच्या बाजूच्या कान्होजी आंग्र्यांनी तर शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केलं. पिंगळ्यांनंतरचे पेशवे बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना वळवलं ते आरमाराच्या सरखेलीसकट किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडेच ठेवून. शिवाजी महाराजांनी मोडत आणलेली जहागिरीची चाल राजारामांच्या काळात पुन्हा सुरू झाली होतीच. या भांडणात ती कायमची झाली.

ताराराणींनी कोल्हापूरकडे वेगळी गादी मांडली, पण तिथेही धड नव्हतंच. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सवत राजसबाईंनी ताराराणींना मुलासकट कैदेत टाकलं. पुढे निजामाने चौथाई अडवली. विचारलं, तुमचा छत्रपती नक्की कोणता? ते उत्तर पेशवे बाजीरावांना १७२८ मध्ये पालखेडला द्यावं लागलं. १७३१ मध्ये वारणेच्या तहाने नदी ही दोन्ही गाद्यांमधली हद्द ठरली.

सासरचे म्हणतात, शाहू जिंकले. मला तसं वाटत नाही. गादी साताऱ्याला राहिली. फौज, मुलूख आणि वसुली सरदारांच्या घरी गेली आणि १७४९ मध्ये शाहू वारल्यावर राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याला पेशव्यांकडे गेला तो गेलाच.