हॉथॉर्न प्रयोग

अमेरिकेतील शिकागो शहरालगतच्या सिसेरो येथे ‘वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी’च्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांच्या उत्पादकतेसंबंधी झालेली प्रयोगमालिका. औद्योगिक मानसशास्त्र व व्यवस्थापनशास्त्र यांच्या इतिहासात या प्रयोगांना विशेष महत्त्वाचे स्थान आहे. कामगार कशामुळे अधिक व चांगले काम करतो, या प्रश्नाचे उत्तर केवळ मजुरी आणि कामाची भौतिक परिस्थिती यांतच शोधण्याची प्रथा या प्रयोगांनंतर मागे पडली. तथापि प्रयोगांतून काढलेले निष्कर्ष कितपत ग्राह्य मानावेत, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद राहिले आहेत.

पार्श्वभूमी : फ्रेडरिक टेलर (१८५६–१९१५) याने पुरस्कारिलेल्या शास्त्रीय व्यवस्थापनाचा विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी उद्योगांवर मोठा प्रभाव होता. प्रत्येक कामाचे लहान लहान भाग पाडावेत, त्यांना लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा, कामाची एकच उत्तम पद्धत ठरवावी आणि त्यानुसार अधिक काम करणाऱ्यास अधिक मजुरी द्यावी, असे या विचारसरणीचे सार होते. कामगार हा मुख्यतः आर्थिक लाभाने प्रेरित होतो, हे तिचे गृहीतक होय. हॉथॉर्न कारखान्यात दूरध्वनियंत्रणेची सामग्री तयार होत असे व १९२९ च्या सुमारास तेथे सु. ४०,००० लोक कामास होते.

प्रदीपन प्रयोग (१९२४–२७) : कारखान्यातील प्रकाश वाढविल्यास उत्पादन वाढते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने पहिले प्रयोग करण्यात आले. प्रकाश वाढविला तेव्हा काम वाढले. परंतु ज्या तुलना-गटाचा प्रकाश बदलला नव्हता, त्याचेही काम वाढले. पुढे दोन कामगार स्त्रियांच्या खोलीतील प्रकाश जवळजवळ चांदण्याइतका मंद केला, तरीही त्यांनी आपली कामाची गती टिकविली. प्रकाश व उत्पादन यांत सरळ संबंध आढळत नाही, एवढेच यावरून दिसून आले.

रिले-जुळणी कक्ष : एप्रिल १९२७ मध्ये कारखान्याचे अधिकारी जॉर्ज पेनॉक यांच्या पुढाकाराने नवा प्रयोग सुरू झाला. दूरध्वनीच्या रिलेचे सु. ३५ सुटे भाग जुळविणाऱ्या पाच तरुण स्त्रिया व त्यांना भाग पुरविणारी एक स्त्री यांना वेगळ्या खोलीत बसविण्यात आले. विश्रांतीच्या सुट्या, सकाळचा अल्पोपाहार, कामाचे तास, शनिवारची सुटी यांत क्रमाक्रमाने बदल करून प्रत्येकीच्या कामाची नोंद यंत्राद्वारे ठेवली जाई. आरंभी प्रत्येकी दर आठवड्यास सु. २,४०० रिले तयार होत. बाराव्या टप्प्यात सर्व सवलती काढून घेऊन पूर्वीचा ४८ तासांचा आठवडा पुन्हा लागू केला, तेव्हा हा आकडा २,९०० च्या वर गेला.

हार्व्हर्ड विद्यापीठातील एल्टन मेयो (१८८०–१९४९) व फ्रिट्झ रॉथलिसबर्गर हे १९२८ पासून या कार्याशी निगडित झाले. सवलती काढल्यावरही काम वाढले, त्याअर्थी वाढीचे कारण सवलतींत नसून बदललेल्या मानवी संबंधांत आहे, असे मेयो यांचे प्रतिपादन होते. या स्त्रियांचा सल्ला घेतला जाई, त्यांना बोलण्याची मोकळीक होती, मुकादमाचा जाच नव्हता व त्यांच्यात एकजिनसी गटाची भावना निर्माण झाली होती.

मुलाखती व तारजोडणी कक्ष : १९२८ ते १९३० या काळात एकवीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. प्रथम ठराविक प्रश्न विचारले जात. नंतर कामगारास त्याच्या मनातील गोष्टी मोकळेपणी बोलू देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. तक्रारीच्या शब्दांमागे घरची चिंता, मानापमान किंवा भीती दडलेली असू शकते, हे या मुलाखतींतून लक्षात आले.

नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात तारजोडणी करणाऱ्या चौदा पुरुषांचे निरीक्षण करण्यात आले. येथे चित्र उलटे दिसले. गटाच्या कामावर मजुरी अवलंबून असूनही या कामगारांनी दिवसाचे ‘पुरेसे’ काम आपसांत ठरविले होते. त्याहून अधिक काम करणाऱ्याची टिंगल होई व प्रसंगी त्याच्या दंडावर गुद्दाही मारला जाई. फार कमी काम करणे व साथीदाराची चुगली करणे हेही तितकेच निषिद्ध होते. कारखान्याच्या अधिकृत रचनेखाली कामगारांची स्वतःची अनौपचारिक रचना असते व तिचे नियम अधिक प्रभावी ठरतात, हा या निरीक्षणाचा निष्कर्ष होता.

परिणाम व टीका : मेयो यांचा ग्रंथ १९३३ मध्ये व रॉथलिसबर्गर आणि कंपनीचे अधिकारी विल्यम डिक्सन यांचा विस्तृत वृत्तांत १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतून ‘मानवी संबंध’ संप्रदाय उदयास आला. मॅस्लो यांचा गरजांच्या श्रेणीचा सिद्धांत (१९४३), हर्झबर्ग यांचे कार्यसमाधानाचे संशोधन (१९५९) आणि मॅग्रेगर यांची ‘क्ष’ व ‘य’ उपपत्ती (१९६०) यांनी कार्यप्रेरणेचा विचार पुढे नेला. भारतात अहमदाबादच्या कॅलिको गिरण्यांत ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये स्वयंचलित मागांवरील कामगारांचे लहान गट बनवून केलेला प्रयोगही कामाच्या सामाजिक बाजूला महत्त्व देणारा होता.

रिले कक्षातील वस्तुस्थिती मात्र मेयो यांच्या विवेचनाइतकी सरळ नव्हती. या स्त्रियांची मजुरी संपूर्ण विभागाऐवजी त्यांच्या छोट्या गटाच्या कामाशी जोडली गेली होती, म्हणजे अधिक श्रमाचे फळ थेट त्यांच्या पदरी पडत होते. दुसऱ्या एका गटास केवळ अशी मजुरी लागू केली असता त्याचे काम सु. १२ टक्क्यांनी वाढले. शिवाय जास्त बोलतात व सहकार्य करीत नाहीत, या कारणास्तव पाचपैकी दोघींना जानेवारी १९२८ मध्ये काढून त्यांच्या जागी अधिक चपळ कामगार आणण्यात आल्या. ॲलेक्स केरी यांनी १९६७ मध्ये या मुद्यांवर कठोर टीका केली. निरीक्षणाखाली असल्याच्या जाणिवेने वर्तन बदलते, या अर्थी ‘हॉथॉर्न परिणाम’ ही संज्ञा रूढ झाली असली, तरी स्टीव्हन लेव्हिट व जॉन लिस्ट यांनी प्रदीपन प्रयोगांची मूळ आकडेवारी तपासून २०११ मध्ये दाखविले, की तीत अशा परिणामाचा भक्कम पुरावा नाही. प्रकाशातील बदल बहुधा रविवारी केले जात आणि सोमवारचे काम एरवीही जास्तच असे.

तारजोडणी कक्षाचा अर्थही फेरविचार करण्याजोगा आहे. जास्त काम केल्यास दर कमी होतील किंवा काही जणांची नोकरी जाईल, असे ते कामगार सांगत. संशोधकांनी या भीतीस तर्कापेक्षा गटभावनेचा आविष्कार मानले. परंतु तो काळ महामंदीचा होता. कारखान्यात कामगारकपात सुरू होती व पुरेसे काम उरले नाही म्हणूनच हे निरीक्षण थांबवावे लागले. कामगारांची भीती अनाठायी नव्हती. मेयो यांच्या लेखनात कामगार संघटनांना फारसे स्थान नाही, हा आक्षेपही याच संदर्भात घेतला जातो.

हॉथॉर्न कारखाना १९८३ मध्ये बंद झाला. कामगार हा यंत्राचा भाग नसून समाजाचा घटक आहे, ही या प्रयोगांची शिकवण टिकून राहिली आहे. मात्र आस्थेने विचारपूस करणे हे योग्य मजुरीला व नोकरीच्या शाश्वतीला पर्याय ठरू शकत नाही, हा धडाही त्याच नोंदींतून मिळतो.